‘मानसिक’: एका विशेषणाची मराठवाड्यातली वाट

“तो मानसिक आहे.” परभणी-नांदेडकडे एसटीत, दवाखान्याच्या बाकड्यावर हे वाक्य सहज कानावर पडतं. खरं तर ते अर्धवट आहे. ‘मानसिक’ म्हणजे मनाचा, मनाशी संबंधित. त्याच्यापुढे ताण, आजार, तयारी, समाधान असं एखादं नाम यायला हवं. ते गळालं की विशेषण थेट माणसाला चिकटतं. मग महिनाभर डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाची ओळख तेवढीच उरते. ‘मेंटल’चंही आपण हेच केलं, आणि ते मला फार लागतं.

मुळात या शब्दाला असा डाग नव्हता. संस्कृत ‘मनस्’वरून ‘मानस’ आणि पुढे ‘मानसिक’. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचं, वाणीचं आणि मनाचं अशी तीन तपं सांगितली आहेत. मनाची प्रसन्नता, सौम्यपणा, मौन यांना तिथे ‘तपो मानसमुच्यते’ म्हटलंय. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये हे मराठीत उलगडलं. मानसपूजा, मानसपुत्र हे शब्द आजही आदरानेच उच्चारले जातात. जालना जिल्ह्यातल्या जांबेच्या रामदासांनी तर २०५ श्लोकांत मनालाच हाक मारली.

शास्त्राचा शब्द मात्र इकडे वेगळ्या वाटेने आला. निजामी अमलात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, आणि त्याच्या भाषांतर खात्याची धुरा आधी औरंगाबादेत असलेल्या मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. उर्दूत मानसशास्त्र म्हणजे ‘नफ्सियात’, मानसिक म्हणजे ‘जेहनी’. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि चित्र पालटलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं आणि ‘मानसशास्त्र’ इथेही रुळलं. तेव्हापासून एक घोळ मात्र चालू आहे. चाचणी ‘मानसशास्त्रीय’ असते, कारण ती शास्त्राची. आजार ‘मानसिक’ असतो, कारण तो मनाचा. ‘मानसशास्त्रीय आजार’ लिहिणं चूकच.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादकडची गावं मातीदगडाच्या भिंतींखाली गेली, सुमारे दहा हजार माणसं मेली. वाचलेल्यांना छताखाली झोपवेना. माझ्या मते ‘मानसिक धक्का’, ‘मानसिक आधार’ हे शब्द खेड्यातल्या सामान्य माणसापर्यंत पोचले ते या काळात. त्यांच्यापुढे नाम होतं, म्हणून त्यांत कमीपणा नव्हता. भूकंप झाला होता, धक्का बसणारच.

मनाच्या आजारांविषयीच्या कायद्याची भाषाही सावकाश बदलत गेली. ब्रिटिश हिंदुस्थानातला १९१२ चा कायदा सरळ ‘वेडा’ म्हणत होता. १९८७ चा कायदा १ एप्रिल १९९३ पासून, म्हणजे किल्लारीच्या आधी सहा महिने, लागू झाला. त्यात शब्द होता ‘मनोरुग्ण व्यक्ती’ अशा अर्थाचा. २०१७ चा कायदा ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ म्हणतो: आधी माणूस, मग त्याला जडलेला आजार. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच तो धरून चालतो. नापिकी आणि कर्जाने खचलेल्या आपल्या भागात याचं मोल मोठं आहे. पण राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला; मराठवाड्यात त्यातलं एकही नाही.

आणि दवाखाना जवळ असला तरी विचारायचं कसं, हा प्रश्न उरतोच. “काही मानसिक त्रास आहे का?” म्हटलं की घरचेच घाईने “नाही, नाही, तसं काही नाही” म्हणतात. तेच “जीव थाऱ्यावर असतो का, मावशी?” असं विचारलं, की मावशी पदराशी चाळा करत बोलायला लागतात.