सागवानी टीपॉय करायला घेण्यापूर्वी

नागपुरात लाकूड वर्षभर एका मापाचं राहत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की ते आटतं, ऑगस्टच्या दमट हवेत फुगतं. लांबीत फरक जवळजवळ नसतो, सगळा रुंदीत. 18 इंच रुंद सागवानी फळा मे ते ऑगस्ट या काळात तीन-चार मिलिमीटर सहज हलतो. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर उत्तम सागही चिरतो.

लाकूड

चंद्रपूर-गडचिरोलीचा साग, बाजारात ज्याला सीपी टीक म्हणतात, महाग पडतो. पण टीपॉयला लाकूड थोडंच लागतं, इथे काटकसर करू नका. घेताना कडेचा पांढरा भाग पाहा. भुंगा आणि वाळवी आधी तिथेच शिरतात, म्हणून तो कापून टाकायचा हे धरूनच माप घ्या. ओलावा मीटरवर 12 टक्क्यांच्या वर दिसला तर ते लाकूड लगेच वापरू नका. ज्या खोलीत टीपॉय राहणार तिथे, फळ्यांच्या मधे दर दीड फुटावर पट्ट्या देऊन, दोन-तीन आठवडे रचून ठेवा. कूलरच्या झोतासमोर मात्र नको: एकच बाजू ओलावते आणि फळी वाकते.

किती लागेल

36 बाय 18 इंचांच्या, 16 इंच उंच टीपॉयसाठी, न रंधलेली मापं अशी:

पाय: 4 नग, दीड फूट, सव्वादोन बाय सव्वादोन इंच
आडव्या पट्ट्या: 3 फुटी 2 आणि दीड फुटी 2, सव्वातीन बाय सव्वा इंच
वरचा फळा: 5 पट्ट्या, सव्वातीन फूट, 4 बाय सव्वा इंच

लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत घेऊन गुणाकाराला 144 ने भागा, घनफूट मिळतात. इथे साधारण एक घनफूट येतं. गाठी आणि कापातली घट धरून सव्वा घ्या.

सांधा

पाय आणि आडवी पट्टी जोडायला खाच-कुसूच करा: पायात खाच, पट्टीच्या टोकाला तीत बसणारी जीभ म्हणजे कुसू. नुसते स्क्रू मारलेला पाय ओढाताणीत ढिला होतो. रंधल्यावर पट्टी 1 इंच जाड उरते. कुसू तिच्या एक तृतीयांशाहून थोडं जाड, म्हणजे 10 मिलिमीटरच्या आसपास, आणि 1 इंच लांब. पायाच्या दोन बाजूंची कुसवं आत एकमेकांना भिडतात, म्हणून त्यांची टोकं 45 अंशांत कापा. खाच कुसवापेक्षा 2 मिलिमीटर खोल हवी, नाहीतर डिंक तळाशी अडकून सांधा पूर्ण बसत नाही. पायाच्या वरच्या टोकाला 10 मिलिमीटर लाकूड राखा. खाच तोंडापर्यंत नेली तर पाय तिथे फाटतो. कुसू हाताने दाबून, शेवटी लाकडी हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसावं. आपोआप गळत असेल तर डिंकावर भरवसा ठेवू नका: पांढरा डिंक फट भरून काढत नाही.

सागात तेल असतं. रंधा मारला त्याच दिवशी चिकटवा, किंवा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. उन्हाळ्यात दुपारी डिंक लावला तर क्लॅम्प आवळेपर्यंत साय धरते. सकाळी लवकर करा आणि रात्रभर आवळून ठेवा.

हत्यारं

10 मिलिमीटर आणि 1 इंची पटाशी, रंधा, बारीक दात्यांची करवत, गुण्या, चार पट्टी-क्लॅम्प. एवढ्यात भागतं. सागातली वाळू (लाकडातच असलेले सिलिकाचे बारीक कण) धार पटकन मारते. पटाशीला 30 अंशांची धार ठेवा आणि काम चालू असतानाच मधून मधून दगडावर घासा.

फळा बसवताना

इथेच सगळ्यात जास्त टीपॉय बिघडतात. फळा चौकटीला डिंकाने चिकटवू नका. आखूड पट्ट्यांच्या मधोमध एक-एक साधं भोक. बाकी सगळी भोकं फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट, 4-5 मिलिमीटर खेळ ठेवून. स्क्रू पितळी असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून वाट करून घ्या, पितळी स्क्रू सागात मोडतो. पॉलिश वरून जितके हात, खालूनही तितकेच.

यादी लिहून आणलीत तर आमच्या वखारीत तुमच्यासमोर फळ्या निवडून, मीटर लावून, मापात कापून देऊ.