मोडलेल्या नॉबची चौकशी

एप्रिलमधली दुपार, तीनचा सुमार. खान्देशातल्या एका धावपट्टीशेजारी पत्र्याच्या हँगरमध्ये मी भाच्याची वाट पाहत बसलो होतो. तो विमानांच्या देखभालीचं काम शिकतोय. सही करायचा अधिकार अजून नाही. पाने देणे, पुसणे, धरणे इथपासून सुरुवात आहे. जुन्या चारआसनी सेसना विमानातून तो वाकून बाहेर आला आणि त्याने तळहात पुढे केला. त्यावर प्लास्टिकचा एक तुकडा होता, कधीकाळी काळा, आता राखेच्या रंगाचा.

"मामा, नॉब तुटी गया."

शिकाऊ वैमानिकाने केबिनमध्ये हवा यावी म्हणून तो ओढला होता. अर्धा नॉब हातात आला, दांडी पॅनलमध्येच राहिली. मी म्हटलं, एवढंच ना? मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळेल. भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू बैलाला डिझेल पाजायला सांगितलं.

धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूर, जळगाव इथल्या लोकांना डोक्यावर घिरट्या घालणारी शिकाऊ विमानं नवी नाहीत. त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं विमान म्हणजे सेसना १७२. ते १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. यांतली बरीच विमानं चाळीस-पन्नास वर्षांची झाली तरी उडतात. इंजिन ठरावीक तासांनी उघडून नवं केलं जातं. नॉब मात्र म्हातारा होतो आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

हा नॉब करतो काय? या विमानांत सहसा एसी नसतो. विमानाच्या बाहेरच्या पत्र्याला एक तोंड असतं, त्यातून वारा नळीत शिरतो आणि वाटेत एक झडप असते. नॉब ओढला की झडप उघडते, ढकलला की बंद. पंखा नाही, मोटर नाही. विमानाचा वेग हाच पंखा. आत शिरणाऱ्या वाऱ्याच्या दाबाचा हिशेब सोपा आहे: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. विमान ताशी १८५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ मीटरने जातंय. तापलेल्या दुपारी तापीच्या खोऱ्यातली हवा पातळ, घनमीटरला १.१ किलोच्या आसपास. दाब येतो सुमारे १,४०० पास्कल. पाच सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर हा जोर पाव किलोहून थोडा जास्त भरतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. म्हणूनच धावपट्टीकडे रांगत जाताना आत भट्टी असते आणि वैमानिक खिडकी ढकलून उघडी ठेवतात.

वर गेल्यावर मात्र हीच हवा सुखाची होते. उन्हाळी दुपारी जमिनीलगतची हवा तापून वर उसळत असते आणि दर हजार फुटांना साधारण ३ अंश थंड होत जाते. खाली ४४ अंश असतील तर चार हजार फूट वर ३२. तोरणमाळला जायला घाट चढावा लागतो, इथे नॉब ओढला की तोरणमाळ आत येतं.

पण केवळ सुखासाठी असता तर भाचा एवढा गंभीर झाला नसता. या विमानांत हिवाळ्यात ऊब मिळते ती इंजिनाच्या धुराड्याभोवती कवच बसवून. त्या पोकळीत तापलेली ताजी हवा केबिनमध्ये सोडतात. धुराड्याला बारीक तडा गेला, तर त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं जड वाटायला लागलं की पहिला उपाय हाच: हीटर बंद, ताजी हवा पूर्ण उघडी. उलट केबिनमध्ये वायर जळाल्याचा वास आला, तर आधी हवेच्या सगळ्या वाटा बंद करायच्या, म्हणजे आगीला हवा मिळणार नाही. आग विझली की पुन्हा उघडून धूर बाहेर घालवायचा. म्हणजे झडप उघडताही आली पाहिजे आणि मिटताही. नुसती दांडी बोटांत धरून हे होत नाही, घामेजल्या बोटांनी तर नाहीच.

आता नॉब का मोडला, याकडे येऊ.

भाच्याचे सिनियर इंजिनिअर आले. त्यांनी तुकडा भिंगाखाली धरला आणि मला दाखवला. तडा सुरू झाला होता तो आतल्या आट्यांच्या तळाशी. पोलादी दांडीवर हा प्लास्टिकचा नॉब आट्यांनी बसवलेला होता. आट्याचा तळ म्हणजे इंग्रजी व्हीसारखी टोकदार खाच. ओढताना ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही, तो अशा कोपऱ्यांत दाटतो. ताणलेल्या पत्र्याला साधं गोल भोक पाडलं तरी त्याच्या काठाला ताण तिप्पट होतो; टोकदार खाचेला तर त्याहून कितीतरी वाढतो.

त्यात भर उन्हाची. तापमान वाढलं की हे प्लास्टिक पोलादाच्या सातएक पट फुगतं आणि निवलं की तितकंच आक्रसतं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात ते आठवा: धाव लालभडक तापवायची, चाकावर ठोकायची, पाणी ओतायचं, निवताना ती लाकडाला करकचून आवळते. नॉबचं रोज तेच व्हायचं. दुपारी बंद केबिनमध्ये, काचेतून आलेल्या उन्हात पॅनल ६५-७० अंशांवर; पहाटे २५. रोज रात्री नॉब दांडीला आवळायचा आणि आवळताना स्वतःच ताणला जायचा. धाव लोखंडाची असते, ती सोसते. हे प्लास्टिक होतं, आणि वर म्हातारं.

प्लास्टिकचं म्हातारपण हा या सगळ्यातला मला सगळ्यांत आवडलेला भाग. हा नॉब एबीएसचा होता. हेल्मेटपासून लेगोच्या ठोकळ्यांपर्यंत सगळीकडे हेच प्लास्टिक. त्यात कडक भागामध्ये रबराचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. तडा जाऊ लागला की ते त्याला अडवतात. पण त्या रबराच्या साखळीत ऑक्सिजनला झोंबायला जागा असतात. वर्षानुवर्षं ऑक्सिजन तिथे चिकटतो, रबर कडक होतं, आणि तडा अडवणारं कुणी उरत नाही. उष्णतेने हे काम भराभर होतं. १० अंशांनी तापमान वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट, असा ढोबळ ठोकताळा आहे. २५ च्या जागी ६५ अंश म्हणजे चार वेळा दुप्पट: सोळापट. थंड देशातल्या हँगरमध्ये हा नॉब अजून कितीतरी वर्षं टिकला असता.

ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात हे जळगावच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यात दोन-अडीच टक्के कार्बनची काजळी मिसळलेली असते, ती अतिनील किरण शोषून घेते. पांढरी नळी केळीच्या बागेत एवढी वर्षं टिकली नसती. मी विचारलं, मग हा नॉबही काळाच होता की! इंजिनिअर म्हणाले, "काजळी ऊन अडवते, उष्णता नाही. उलट काळा रंग तापतोच जास्त."

तरी ओढायला एवढा जोर का लागला? खरी गोम नॉबपासून झडपेपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये निघाली. सायकलच्या ब्रेकची केबल फक्त ओढायची असते, परतायचं काम स्प्रिंग करते. इथे मात्र ढकलायचंही असतं. उदबत्तीची काडी टोकाने दाबली तर वाकते, तसंच तारेचं होतं. म्हणून सलग कडक तार घट्ट आवरणातून नेतात, म्हणजे तिला वाकायला जागाच राहत नाही. पण आवरण वळणावळणाने जातं आणि घर्षणाची गंमत अशी, की ते वळणाच्या कोनाने बेरजेत नाही, गुणाकारात वाढतं. खुंट्याला दोराचे दोन वेढे दिले की पोरही बैलाला थोपवतं, ते याच गणितामुळे. स्वच्छ, वंगण असलेल्या केबलला एकूण अर्ध्या फेऱ्याचं वळण असेल, तर जोर जेमतेम दुप्पट लागतो. त्याच वळणात धूळ आणि सुकलेलं तेल मिळून लुगदी झाली की तो पाचपट होऊ शकतो. आपल्याकडची धूळ तर सांगायलाच नको, काळ्या मातीची, पिठासारखी बारीक. भाच्याने तार बाहेर ओढली, तर तिच्यावर अक्षरशः वाळलेलं पिठलं होतं. नुसता नॉब बदलून भागलं असतं? महिन्याभरात नवाही गेला असता.

मग माझा दुकानातला नॉब. इंजिनिअरांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या रंगाचा आणाल?" मी म्हटलं, मिळेल तो, लालही चालेल. ते हसले नाहीत. त्या पॅनलवर लाल नॉब एकच असतो, इंधन-हवेच्या मिश्रणाचा. तो पूर्ण ओढला की इंजिन बंद. हवेचा नॉबही ओढायचाच असतो, शेजारीच असतो. गरमीने हैराण झालेला विद्यार्थी न बघता हात घालतो. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरवल्यावर काही वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या कडेला उतरताना खाली सोडतात त्या फळ्या) चाकंच वर घेत, कारण दोन्ही कळा शेजारी आणि सारख्या होत्या. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने उपाय सुचवला: चाकाच्या कळीला चाकाचा आकार, फ्लॅपच्या कळीला पाचरीचा. बोटांनाच कळलं पाहिजे. आजही विमानांत तसंच असतं.

थ्रीडी प्रिंटरवर छापायचं? सहज मिळणारं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात तो नॉब दुपारी गुळाच्या ढेपेसारखा बसला असता. शिवाय केबिनमधली वस्तू भराभर पेटणारी नसावी लागते. अमेरिकेत मालकाला स्वतःच्या विमानासाठी भाग बनवून घेण्याची वाट आहे, तीही अटींसकट. इथे सरळ मार्ग एकच: पार्ट्स कॅटलॉगमधला नंबर, प्रमाणपत्रासह आलेला भाग आणि लॉगबुकमध्ये परवानाधारक इंजिनिअरची सही. डकवायला फेविक्विक? चिकटेल, पण तो जोड ठिसूळच, आणि ओढ नेमकी तिथेच बसणार.

भाग यायला अकरा दिवस लागले. तोवर विमान उभं. पण त्याच संध्याकाळी सगळे टॉर्च घेऊन केबिनमध्ये आडवे पडले होते, कारण नॉबचा हातात आलेला तुकडा अर्धाच होता. दांडीभोवतीची एक कपची गायब होती. अशी कपची पायाखालच्या पॅडलच्या सांध्यात अडकली, तर उतरताना विमान वळवता येत नाही. मला भूक लागली होती. म्हटलं, नखाएवढी ती, उद्या बघा.

"उद्या नही, मामा," भाचा सीटच्या रुळात डोकं घालून म्हणाला. "सापडी तवय घर."

सापडली साडेसातला, गालिच्याच्या शिवणीत. दोन्ही तुकडे त्याने टेबलावर जुळवून पाहिले, कड बरोबर बसली, आणि मग हात धुवायला गेला.