नाक धुण्याची बाटली ‘झोंबते’ म्हणून परत आणण्याआधी

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, म्हणजे कफ-शेंबूड घट्ट आणि चिकट करणारा जन्मजात आजार) असलेल्या घरात नेब्युलायझर आणि एन्झाइमच्या गोळ्या यांच्या वेळा सहसा चुकत नाहीत. नाक मात्र मागे राहतं. ईएनटी डॉक्टर नाक धुण्याची बाटली लिहून देतात, ती आमच्या दुकानातून जाते आणि आठवडाभरात ‘झोंबते, बदलून द्या’ म्हणून परत येते. बाटलीत दोष क्वचितच निघतो. झोंबतं ते आतल्या पाण्यामुळे.

मोठ्या बाटलीच्या पुडीतलं मीठ 240 मिली पाण्यासाठी मोजलेलं असतं. तेवढ्या पाण्यात पूर्ण पुडी विरघळली की खारटपणा साधारण 0.9 टक्के होतो, म्हणजे आपल्या रक्ताशी मिळताजुळता, आणि नाकाला त्रास होत नाही. पण मीठ कमी तर झोंबणंही कमी, असं समजून बरेच पालक अर्धीच पुडी घालतात. होतं नेमकं उलट. पोहताना नाकात पाणी गेलं की कसं चरचरतं, ते आठवा. एकदा असं झालं की मूल पुढे बाटली जवळ येऊ देत नाही, आणि त्याचं मन वळवण्यात महिने जातात. दुकानात घातलेल्या फेऱ्यांपेक्षा हे नुकसान फार मोठं आहे. म्हणून बाटली देताना आम्ही 240 च्या रेघेवर मार्करने ठळक खूण करतो. पाणी कोमट घ्या, आणि लहान बाटलीची पुडी मोठीत वापरू नका.

पाणी मिनिटभर खळखळ उकळून झाकून गार केलेलं हवं, आणि ते त्याच दिवशी वापरा. आरओचं पाणी प्यायला चांगलं, पण ते निर्जंतुक नसतं. गाडीच्या बॅटरीचं पाणी तर नाकात मुळीच नको. काही घरांत जलनेतीचं भांडं असतं. ते वापरलंत तरी पाण्याचा नियम हाच. मात्र सीएफमधला चिकट शेंबूड त्या संथ धारेने फारसा हलत नाही, असं आमचं मत आहे. दाबता येणारी बाटली बरी.

‘नेब्युलायझर आहे, मग हे कशाला?’ असंही नेहमी विचारलं जातं. तोंडाने ओढलेली वाफ फुप्फुसात जाते, सायनसमध्ये नाही. सीएफमध्ये पेशींतून मीठ-पाण्याची ये-जा बिघडलेली असते, त्यामुळे सायनसमध्येही घट्ट शेंबूड साचतो. त्यात स्यूडोमोनाससारखे जंतू मुक्काम करतात आणि तिथून खाली उतरतात. फुप्फुस बदललेल्या रुग्णांतही सायनसमधले जुने जंतू नव्या फुप्फुसात पोचू शकतात. नेब्युलायझरसाठी दिलेलं 7 टक्क्यांचं सलाइन मात्र डॉक्टरांना न विचारता नाकात घालू नका.

स्टेरॉइडचा स्प्रे असेल तर आधी नाक धुवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग स्प्रे मारा. उलट केलंत तर औषध बेसिनमध्ये वाहून जातं. धुण्याने पॉलिप, म्हणजे नाकात वाढलेले मऊ कोंब, विरघळत नाहीत. मूल तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, त्याला वास येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. या मुलांना चोंदलेल्या नाकाची इतकी सवय झालेली असते की ती स्वतःहून तक्रार करत नाहीत.

उघडलेली बाटली आम्ही परत घेत नाही, यावरून काही जण रागावतात. ‘एकदाही वापरली नाही’ या तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे. पण ओल्या प्लास्टिकवर हेच जंतू वाढतात, आणि पुढच्या ग्राहकाचं मूलही सीएफचं असू शकतं. हा नियम आम्ही कोणासाठीही मोडणार नाही. घरीही प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा, भावंडांचीसुद्धा. रोज धुऊन पालथी घालून वाळवा आणि दर तीन महिन्यांनी नवी घ्या. सोबत पुड्यांचा मोठा डबा घेतलात तर पुडी स्वस्त पडते, मग अर्धी करायचा मोहही होत नाही.

पहिली बाटली घेताना मुलाला सोबत आणा. दुकानात बेसिन आहे, उकळून गार केलेलं पाणी असतं. पुढे वाकून, तोंड उघडं ठेवून, ‘आ’ म्हणत कसं धुवायचं ते तुमच्याच नव्या बाटलीने करवून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त येण्याआधी फोन करा. सीएफची दोन मुलं एका वेळी दुकानात येऊ नयेत म्हणून आम्ही वेळा ठरवून देतो.