चोळल्यावर निघतं ते काय असतं?

सध्या मोबाइलवर एक प्रकार फार चालतो. पारदर्शक जेल गालावर लावायचं, बोटांनी गोल गोल चोळायचं, की मिनिटाभरात राखट पांढऱ्या वळ्या सुटू लागतात. कॅमेरा जवळ जातो आणि खाली अक्षरं झळकतात, 'बघा किती डेड स्किन!' अशी एक ट्यूब आमच्याही घरात आली. मी त्यातलं थोडं जेल स्टीलच्या ताटाच्या पाठीवर चोळून पाहिलं. ताट धुऊन, पुसून कोरडं केलेलं होतं. त्याचीही 'डेड स्किन' निघाली. तशाच वळ्या, फक्त जरा जास्त पांढऱ्या.

यात जादू नाही, साधं रसायनशास्त्र आहे. अशा जेलमध्ये बहुधा कार्बोमर नावाचं, पाणी धरून ठेवणारं पॉलिमर असतं. त्यावर ऋण प्रभार असतो. सोबत केसांच्या कंडिशनरमध्ये असतं तसलं धन प्रभाराचं द्रव्य आणि थोडं सेल्युलोज घातलेलं असतं. चोळताना पाणी सुटतं, विरुद्ध प्रभारांची द्रव्यं एकमेकांना बिलगतात आणि त्यांच्या वळ्या होतात. गालावरचं तेल, धूळ आणि थोड्या सुट्या पेशी त्यात अडकतात, म्हणून राखट रंग. बाकी दिसतो तो ढीग ट्यूबमधलाच.

खरी मृत त्वचा रोज जातच असते, आपल्याला न दिसता. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे शृंगस्तर. चेहऱ्यावर त्याची जाडी जेमतेम 0.01 ते 0.02 मिलिमीटर. केंद्रक हरवलेल्या, चपट्या, केराटिन नावाच्या प्रथिनाने ठासून भरलेल्या पेशी त्यात एकावर एक रचलेल्या असतात आणि फटींत मेदाचं लिंपण असतं. बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी साधारण दोन आठवड्यांत इथवर पोचते, इथे आणखी दोनेक आठवडे काढते आणि मग गळून पडते. आतलं पाणी आत ठेवायचं आणि बाहेरचे जंतू बाहेर, हे काम याच मेलेल्या पेशी करतात. मृत म्हणजे टाकाऊ, हा हिशेब इथे लागू नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. या पेशी नुसत्या चिकटलेल्या नसतात, त्या एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. गोधडीला घालतो तसे टाके. शास्त्रीय नाव कॉर्निओडेस्मोसोम. वरच्या पेशीला निघायचं तर आधी तिचे टाके उसवायला हवेत. ते कोण उसवतं? पूर्वी समज असा की कपड्यांचं आणि हातांचं घर्षणच हे काम करत असावं. स्वीडनमधल्या उमेओ इथे टॉर्बयोर्न एगेलरूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळपायाच्या जाड कातडीचे तुकडे शरीराइतक्या उबदार द्रावणात ठेवले. पेशी सुट्या होऊ लागल्या. त्याच द्रावणात प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमना, रोखणारं द्रव्य घातलं, तर सुटणं थांबलं. 1988 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. टाके उसवणारे हात बाहेरचे नव्हतेच, त्वचेनेच ते आधीपासून पेशींच्या फटीत नेमून ठेवलेले होते. या विकरांना आज कॅलिक्रेइन म्हणतात. 5 आणि 7 क्रमांकाचे त्यात महत्त्वाचे.

पण असे विकर मोकाट सुटले तर खालचे टाकेही उसवतील आणि सगळी गोधडीच विस्कटेल. म्हणून त्यांच्या सोबतीला लेक्टी नावाचं एक राखणदार प्रथिन असतं. खालच्या बाजूला पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू, 7 च्या आसपास असतो. तिथे लेक्टी कॅलिक्रेइनला घट्ट धरून ठेवतं. वर वर जावं तशी आम्लता वाढते, पृष्ठभागावर पीएच 5 च्या जवळपास येतो आणि लेक्टीची पकड ढिली पडते. विकर सुटतो, पण आम्लात त्याचा स्वतःचा वेगही मंदावलेला असतो. त्यामुळे टाके उसवतात ते वरचेच, आणि सावकाश. एका पीएचच्या उताराने दोन्ही गोष्टी साधल्या! लेक्टीचं जनुकच जन्मतः बिघडलेलं असेल तर नेदरटन सिंड्रोम हा दुर्मीळ आजार होतो: बाळाची त्वचा जन्मापासून लाल आणि सोलवटलेली. राखणदार नसला तर काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

हे कळलं की घरातल्या बऱ्याच उपायांकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. अंगाच्या साबणाचा पीएच 9 ते 10. बेकिंग सोड्याच्या पाण्याचा 8 च्या थोडा वर. पीएचची मोजपट्टी दहापटींची असल्यामुळे 5 वरून 8.3 वर जाणं म्हणजे आम्लता सुमारे 2000 पटींनी कमी होणं. वरच्या थरात मोकळ्या झालेल्या विकरांना अल्क मानवतं, ते घाईने उसवत सुटतात. उलट लिंपणाचा मेद तयार करणाऱ्या विकरांना आम्ल लागतं, ते थंडावतात. सोड्याच्या स्क्रबनंतर चेहरा 'कसा गुळगुळीत' लागतो खरा. दोन दिवसांनी तोच गाल साध्या पाण्यानेही चुरचुरतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. कॅलिक्रेइनला काम करायला ओलावा लागतो. डिसेंबरात हवा कोरडी पडली, अंग उललं, पोटरीवर नखाने ओढलं की पांढरी रेघ उमटते, ती याचीच खूण. टाके पुरते उसवत नाहीत, मग पेशी एकेकट्या न जाता झुपक्याने सुटतात आणि म्हणून डोळ्यांना दिसतात. आपल्याला वाटतं मृत त्वचा फार साठली, आणि आपण घासायला घेतो. खरं तर तिथे कमी पडलेलं असतं पाणी. आंघोळीनंतर अंग दमट असतानाच ग्लिसरीनचं मॉइश्चरायझर लावलं तर विकर पुन्हा कामाला लागतात आणि खवले आपोआप जातात. कोरड्या त्वचेसाठी सगळ्यात सौम्य एक्सफोलिएटर, म्हणजे मृत पेशी काढणारं प्रसाधन, हाच, आणि त्याच्या डब्यावर हा शब्द कधी छापलेला नसतो.

आम्लांची गोष्ट 1974 मध्ये सुरू होते. फिलाडेल्फियात यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू हे माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या इक्थिओसिसच्या रुग्णांवर काम करत होते. ग्लायकोलिक, लॅक्टिक अशी अल्फा हायड्रॉक्सी आम्लं लावल्यावर ते जाड खवले सुटले. ही आम्लं पेशी विरघळवत नाहीत, पेशींमधली पकड सैल करतात. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात ती नंतर आली.

दह्यातही लॅक्टिक आम्ल असतंच की, मग दही का नको? इथे थोडं गणित, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा. शृंगस्तरात शिरतो तो आम्लाचा प्रभाररहित रेणू. प्रोटॉन गमावलेला, प्रभार असलेला आयन मेदाच्या लिंपणातून सहज जात नाही. कुठल्या पीएचला किती रेणू प्रभाररहित राहतील हे त्या आम्लाच्या पीकेए या आकड्यावरून काढता येतं. लॅक्टिकचा पीकेए 3.86, ग्लायकोलिकचा 3.83. दह्यात लॅक्टिक आम्ल सुमारे 1 टक्का आणि पीएच 4.5 धरला, तर प्रभाररहित वाटा येतो 19 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कामाचं आम्ल 0.2 टक्केच. बाटलीवर '10 टक्के ग्लायकोलिक' लिहिलंय आणि पीएच 3.5 असेल, तर कामाचं आम्ल 6.8 टक्के. तेच 10 टक्के पीएच 4.5 ला असेल, तर 1.8 टक्के. लेबलावरचा आकडा तोच, प्रत्यक्ष जोर जवळपास चौपट कमी-जास्त. पीएच न सांगता नुसते टक्के छापणं म्हणजे अर्धी माहिती.

तेव्हा दही लावायचं तर जरूर लावा, त्याने गार वाटेल. बिघडणार काही नाही, सुटणारही फारसं काही नाही. लिंबाचं मात्र तसं नाही. त्याचा पीएच 2 ते 2.5, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात, विशेषतः सालीत, फ्युरानोकौमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर अतिनील किरणांनी ती चेततात आणि भाजल्यासारखे फोड येतात. नंतर महिनोन्‌महिने न जाणारे तपकिरी डाग राहतात. अर्धं लिंबू साखरेत बुडवून गालावर घासणारे व्हिडिओ म्हणूनच मला बघवत नाहीत. याच कुळातलं सोरालेन आपल्या बावचीत असतं. पांढऱ्या डागांवर त्वचेला रंग यावा म्हणून ते अतिनील किरणांसोबत वापरतात. काही उटण्यांत बावची घालतात. दिवाळीत पहाटे तेल लावून, ओलं उटणं हलक्या हाताने फिरवून लगेच धुतलं तर घाबरायचं कारण नाही. तेच 'नॅचरल स्क्रब' म्हणून दर दोन दिवसांनी चेहऱ्यावर घासून उन्हात जाणं ही वेगळी गोष्ट.

आणि घासण्याने रंग उजळतो हे तर साफ उलटं आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी असतात, तिथे कुठलाही स्क्रब पोचत नाही. पोचते ती घर्षणाने झालेल्या दाहाची खबर, आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत ती मिळाली की तिथे रंगद्रव्य वाढतं. घासणीने पाठ, गळ्याखालची हाडं रोज खसाखसा घासणाऱ्यांना तिथेच काळे पट्टे येतात. त्वचारोगतज्ज्ञ त्याला फ्रिक्शनल मेलॅनोसिस म्हणतात आणि भारतात असे रुग्ण चांगलेच परिचयाचे आहेत. काळपटपणा 'मळ' समजून माणूस आणखी जोरात घासतो. पार्लरमधल्या 'टॅन रिमूव्हल'बद्दल यावरून काय ते ओळखा. वाफेने रंध्रं उघडतात आणि गार पाण्याने मिटतात, हेही असंच. रंध्रांना उघडायला-मिटायला स्नायूच नाहीत.

मग घरी करायचं काय? बऱ्याच जणांना सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर पुरतं. त्याउपर हवंच असेल तर 5 टक्क्यांच्या आसपासचं लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक, आठवड्यातून एकदा, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. आधी कानामागे लावून दोन दिवस वाट पाहायची. तेलकट त्वचा आणि ब्लॅकहेड्स असतील तर सॅलिसिलिक बरं, ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात शिरतं. घरी 2 टक्क्यांच्या वर नको. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने ग्राहकांच्या उत्पादनांसाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिकची मर्यादा 10 टक्के आणि पीएच 3.5 पेक्षा कमी नको, अशी सांगितलेली आहे. त्यापुढची, 30 टक्क्यांची वगैरे बाटली ऑनलाइन मिळते, म्हणून ती न्हाणीघरात वापरायची वस्तू ठरत नाही. ते काम दवाखान्यातलं.

ही अल्फा हायड्रॉक्सी आम्लं लावत असाल तर सकाळी सनस्क्रीन लावावंच लागेल. त्यांनी त्वचा उन्हाला नाजूक होते, आणि लावणं थांबवल्यावरही आठवडाभर जपावं लागतं. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगच्या दिवशी नको, ट्रेटिनॉइन-अ‍ॅडापलीन ही मुरुमांवरची औषधं लावता त्या रात्री नको, पिकलेल्या मुरुमांवर घासणं तर कधीच नको. गोरेपणाची कुठलीशी क्रीम मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून लावत असाल, तर आधी ट्यूबवर मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांपैकी नाव आहे का ते पाहा. ही स्टेरॉइडं आहेत, त्यांनी त्वचा आधीच पातळ झालेली असते. तिच्यावर आम्लही नको आणि स्क्रबही नको, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आणि साधं पाणीही झोंबायला लागलं तर सगळं बंद करून दोन-तीन आठवडे नुसतं पेट्रोलियम जेली किंवा साधं मॉइश्चरायझर लावा.