स्प्रिंट पण आणि मॅरेथॉन पण: कयाकर मंडळींची ही दुहेरी करिअर आली कुठून

कयाकिंग म्हटलं की आपल्याला तारकर्लीची नाहीतर गोव्याची ती जाड प्लास्टिकची होडी आठवते, लाइफ जॅकेट चढवून बसवतात ती. रेसिंगच्या के-1 चा, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या कयाकचा, तिच्याशी नावापलीकडे फार संबंध नाही. लांबी 5.20 मीटरपर्यंत, अंगाने एकदम सडपातळ, वजन स्प्रिंटला किमान 12 किलो आणि मॅरेथॉनला 8 किलो असलं तरी चालतं, आणि नवखा माणूस बसला की लगेच पाण्यात.

एकाच खेळाडूच्या नावापुढे स्प्रिंट आणि मॅरेथॉन दोन्ही दिसलं की लोक चक्रावतात, कारण डोक्यात धावण्याचं गणित असतं. पण इथे 1000 मीटरची "स्प्रिंट" आजही साधारण साडेतीन मिनिटं चालते, म्हणजे दम लागतोच, नुसती ताकद पुरत नाही. आणि मुळात हे दोन वेगळे खेळ नव्हतेच. 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कयाकिंग अधिकृतपणे आलं तेव्हा 1000 आणि 10000 मीटर दोन्ही रेस होत्या, आणि ऑस्ट्रियाचा ग्रेगोर ह्राडेट्स्की के-1 ची 1000 मीटर जिंकला आणि वर घडीच्या कापडी होडीतली 10000 पण घेऊन गेला.

मग आला गेर्ट फ्रेड्रिकसन. स्वीडनच्या न्यूशेपिंगचा, जन्म 1919 चा, म्हणजे ऐन उमेदीची वर्षं महायुद्धात गेली, 1940 आणि 1944 ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. पहिलं ऑलिम्पिक 28 व्या वर्षी, 1948 लंडन, रेस हेन्लीला. तिथे 10000 मीटरला जवळपास 51 मिनिटं वल्हवून दुसऱ्यापेक्षा 30 सेकंद आधी पोचला आणि दुसऱ्या दिवशी 1000 मीटर पण मारली!! 1952 ला हेलसिंकीत 1000 चं गोल्ड राखलं पण 10000 ला फिनलंडच्या थोरवाल्ड स्ट्रोमबर्गने हरवलं, 1956 ला मेलबर्न ऑलिम्पिकच्या वेळी बॅलरॅटच्या तलावावर परत दोन्ही गोल्ड. 1960 ला रोममध्ये चाळिशीत के-1 च्या 1000 मध्ये ब्रॉंझ आणि स्वेन-ओलोव्ह शोडेलियससोबत के-2 चं, म्हणजे दोघांच्या होडीचं, गोल्ड. एकूण 6 गोल्ड, 1 सिल्व्हर, 1 ब्रॉंझ. मधल्या काळात 500 मीटरचा वर्ल्ड चॅम्पियन पण होताच, आता 500 ते 10000 असा पल्ला एकाच माणसाने मारायचा म्हणजे काय ते बघा.

पण 1956 नंतर ऑलिम्पिकमधून 10000 मीटर गेली ती गेलीच, रोमला तिच्या जागी 4 गुणिले 500 ची रिले आली. खरी फाटाफूट इथे झाली असं माझं मत. लांब पल्ल्यावाले ऑलिम्पिकच्या बाहेर पडले आणि नदीवरच्या जुन्या रेसच त्यांचं घर बनल्या. स्पेनमध्ये सेल्या नदीवरची रेस 1930 पासूनची, इंग्लंडमध्ये डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर 125 मैल, आणि दक्षिण आफ्रिकेतली डुसी, पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन. डुसीची पहिली रेस 1951 ची, आठ जण निघाले आणि शेवटपर्यंत पोचला एकटा इयन प्लेयर, सहा दिवसांनी, तोही वाटेत साप चावून.

या नद्यांवर बंधारे, लॉकगेट, खडक असतात, तिथे होडी खांद्यावर टाकून काठाने पळायचं आणि पुढे परत पाण्यात घालायची, याला पोर्टेज म्हणतात आणि आज मॅरेथॉनच्या रेसमध्ये ते मुद्दाम ठेवलेलं असतं. होडी इतकी हलकी का त्याचं उत्तर इथे आहे. दुसरी गंमत वॉशची, पुढच्याच्या होडीने उठणाऱ्या लाटेवर चिकटून बसलं की बरीच ताकद वाचते, सायकलवाले पुढच्याच्या मागे लपतात तसं. स्प्रिंटला प्रत्येकाची लेन ठरलेली, तिथे असली लबाडी चालत नाही.

मॅरेथॉनची स्वतंत्र वर्ल्ड चॅम्पियनशिप यायला 1988 उजाडलं, नॉटिंगहॅमला. सीनियर पुरुषांची के-1 साधारण 30 किमीची. पण ऑलिम्पिक मेडल नाही म्हणजे सरकारी पैसा आणि नाव दोन्ही कमी, म्हणून मॅरेथॉनचे चॅम्पियनसुद्धा स्प्रिंटकडे वळतात. ब्रिटनची अ‍ॅना हेमिंग्ज बघा, मॅरेथॉनची अनेक वेळची वर्ल्ड चॅम्पियन, तरी सिडनी 2000 आणि बीजिंग 2008 साठी तिला स्प्रिंटच करावी लागली, आणि मध्ये क्रॉनिक फटिगने, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराने, आडवी पडून अथेन्स हुकलं, नंतर 2005 ला परत येऊन मॅरेथॉनचं टायटल घेतलं.

ऑलिम्पिक मात्र आणखी छोटं होत गेलं, 2012 ला पुरुषांची 500 काढून 200 मीटर आणली, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर सगळा खेळ खलास (मला ती कधीच आवडली नाही, पॅरिसला काढली ते बरं झालं). उलट स्प्रिंटच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये 2010 ला 5000 मीटर आली आणि मॅरेथॉनवाल्यांनी 2019 ला साडेतीन किमीच्या आतली शॉर्ट रेस सुरू केली, म्हणजे दोन्हीकडून लोक मध्यावर यायला लागले. पोर्तुगालचा फर्नांडो पिमेंता त्या मध्यावरचा गडी, टोकियोला 1000 मीटरचं ब्रॉंझ आणि जुझे रामाल्योसोबत मॅरेथॉनच्या के-2 चा वर्ल्ड चॅम्पियन. 2022 ची मॅरेथॉन वर्ल्ड चॅम्पियनशिप तर त्याच्याच गावी झाली, पोंते दि लिमाला.