गोखले, कमलाबाई

(१९०० – सु. १९९८). मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री आणि भारतीय मूकपटाच्या पहिल्या नायिका. चार पिढ्या अभिनय करणाऱ्या कामत-गोखले घराण्यातील या दुसऱ्या पिढीच्या. आई दुर्गाबाई कामत यांनी पतीपासून वेगळे झाल्यावर मुलीला एकटीने वाढवले आणि पोटासाठी फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली. तो निर्णय त्या काळी किती महाग पडला असेल याची आज कल्पना करणे कठीण आहे. बोलपटापूर्वीची नाटकवाली स्त्री समाजाच्या लेखी घरंदाज नव्हती. कमलाबाई नकळत्या वयातच रंगमंचावर उभ्या राहिल्या. शाळा त्यांना फारशी लाभली नाही.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी स्त्री नटी मिळाली नाही, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात मात्र दुर्गाबाई पार्वती आणि कमलाबाई मोहिनी झाल्या. ‘भारतातील पहिली चित्रपट अभिनेत्री कोण’ हा वाद येथूनच निघतो. काही ग्रंथकार हा मान दुर्गाबाईंना देतात, काही कमलाबाईंना, तर काही दोघींना मिळून. दोघी एकाच चित्रपटात असल्याने कालानुक्रमाने निवाडा होऊ शकत नाही. तो भूमिकेच्या स्वरूपावरून करावा लागतो. मोहिनी ही कथेची मध्यवर्ती व्यक्तिरेखा आहे. त्यामुळे पडद्यावरील पहिल्या नायिका कमलाबाई, आणि वयाने व अनुभवाने ज्येष्ठ अभिनेत्री दुर्गाबाई, अशी विभागणी अधिक समर्पक वाटते. कमलाबाईंचे वय त्या वेळी तेरा-चौदा असावे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुराणकथेत मोहिनी हे विष्णूचे स्त्रीरूप. पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याच्या त्या काळात नेमकी हीच भूमिका खऱ्या मुलीला मिळाली.

या प्रसंगाने पायंडा मात्र लगेच पडला नाही. ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांनीच केल्या. म्हणून १९१३ ला ‘स्त्रियांच्या चित्रपटप्रवेशाचे वर्ष’ म्हणताना जपून म्हणावे. दार उघडले, पण त्यातून आत येणाऱ्या फार थोड्या होत्या.

तारखांबाबतही सावधगिरी हवी. काही नोंदींत दुर्गाबाईंचे निधन १९९७ मध्ये झाल्याचे आढळते. कन्येचा जन्म १९०० चा धरला, तर आई शंभरीच्या बरीच पुढे जगली असे मानावे लागेल. ती बहुधा कन्येच्या मृत्यूची तारीख आईच्या नावावर चढली असावी. कमलाबाईंच्या मृत्यूसाठीही १९९७ व १९९८ अशी दोन वर्षे दिली जातात; येथे दुसरे स्वीकारले आहे.

कमलाबाईंचा विवाह नट रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. ते गोखले बंधूंच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत होते. त्यांचे अकाली निधन झाले तेव्हा कमलाबाई पंचविशीच्या आसपास होत्या, असे सांगितले जाते. पदरी लहान मुले असताना त्यांनी नाटक सोडले नाही. स्त्रीभूमिकांबरोबर पुरुषभूमिकाही केल्या. पुढे बोलपटांतही कामे केली. अखेरच्या काळातील चित्रपट ‘गहराई’ (१९८०).

पुत्रांपैकी लालजी व सूर्यकांत तबलावादक झाले. चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) हे मराठी रंगभूमी व चित्रपटांतील चरित्र अभिनेते. सैनिकांच्या कल्याणासाठी त्यांनी केलेले दान महाराष्ट्राला परिचित आहे. चंद्रकांत यांचे पुत्र विक्रम गोखले (मृ. २६ नोव्हेंबर २०२२, पुणे) यांनी जयवंत दळवी यांच्या ‘बॅरिस्टर’ नाटकातून नाव मिळवले. ‘अनुमती’ चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार इरफान खान यांच्यासह विभागून मिळाला. घशाच्या विकारामुळे त्यांनी २०१६ मध्ये रंगभूमीवरून निवृत्ती घेतली.

‘मोहिनी भस्मासुर’ मूकपट असल्याने पडद्यावरील या पहिल्या नायिकेचा आवाज प्रेक्षकांना ऐकता आला नाही. रीना मोहन यांनी १९९० च्या दशकारंभी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. त्यात नव्वदीतील कमलाबाई स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलतात.