परवानगीवाचूनचे निरीक्षण : १९८६ च्या तत्त्वांची पार्श्वभूमी

उपग्रहातून दुसऱ्या देशाच्या भूमीचे निरीक्षण करण्याविषयीची तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८६ मध्ये स्वीकारली. त्यामागे त्या देशाची संमती लागते का, हा जुना वाद होता. आपल्या भूभागावरील हवाई हद्दीत राष्ट्राची संपूर्ण आणि अनन्य सत्ता असते, हे १९४४ च्या शिकागो कराराने निःसंदिग्धपणे मान्य केले होते. त्यामुळे १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले, तेव्हा हद्दीचा भंग कोणी केला याविषयी वाद उरला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘कोरोना’ या हेर उपग्रहाने टिपलेली सोव्हिएत भूमीची छायाचित्रे अमेरिकेच्या हाती आली. ती मात्र या नियमाच्या कक्षेबाहेरची होती. सोव्हिएत संघाचा पहिला उपग्रह स्पुटनिक १९५७ मध्ये अनेक देशांवरून फिरला, तेव्हा कोणीही हरकत घेतली नव्हती, आणि उपग्रह कोणत्याही देशावरून परवानगीवाचून जाऊ शकतो, या त्या मौनातून रुजलेल्या रूढीलाच १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने लेखी रूप दिले. हवाई हद्द संपून अवकाश कोठे सुरू होते, हे त्या करारातही सांगितलेले नाही.

वाद पेटला तो जुलै १९७२ मध्ये लँडसॅट-१ हा अमेरिकेचा भूनिरीक्षण उपग्रह सोडला गेल्यावर. सुमारे ८० मीटरचे त्याचे रिझोल्यूशन (म्हणजे चित्रात वेगळा दिसू शकणारा जमिनीचा सर्वांत लहान तुकडा) हेरगिरीला फारसे उपयोगी नव्हते, पण खनिजे, जंगले आणि पिके यांचा अंदाज घ्यायला पुरेसे होते. नैसर्गिक संपत्तीवरील राष्ट्रांचे कायम सार्वभौमत्व आमसभेने १९६२ मध्येच मान्य केले असल्याने त्या संपत्तीविषयीच्या माहितीवरही आपलाच अधिकार आहे, अशी अर्जेंटिना आणि ब्राझील यांची भूमिका होती, आणि निरीक्षणाआधी त्या देशाची संमती घ्यावी, असा पूर्वसंमतीचा आग्रह त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीत धरला. सोव्हिएत संघाने मधला मार्ग सुचवला : ५० मीटरपेक्षा सूक्ष्म चित्रे संबंधित देशाच्या संमतीशिवाय तिसऱ्याला देऊ नयेत. (त्याचे स्वतःचे हेर उपग्रह याहून कितीतरी बारीक पाहत होते, हा भाग वेगळा.) अमेरिकेला दोन्ही अमान्य होते.

फेब्रुवारी १९८६ मध्ये फ्रान्सचा स्पॉट-१ हा उपग्रह अवकाशात गेला, त्याची दहा मीटरची चित्रे विक्रीला आली आणि ती ५० मीटरची मर्यादा निरर्थक ठरली. ३ डिसेंबर १९८६ रोजी आमसभेने ठराव ४१/६५ द्वारे पंधरा तत्त्वे मतदानाविना स्वीकारली. त्यांत पूर्वसंमती नाही. निरीक्षण झालेल्या देशाला आपल्या भूभागाची माहिती भेदभावाविना आणि वाजवी दरात मिळावी, एवढेच आश्वासन आहे. शिवाय ही तत्त्वे नैसर्गिक संपत्ती, भूमीचा वापर आणि पर्यावरण यांपुरतीच असल्याने लष्करी टेहळणी त्यांच्या बाहेरच राहिली, आणि माझ्या मते मोठ्या सत्तांना हा ठराव मानवला त्याचे एक कारण हेच होते.

मार्च १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा भूनिरीक्षण उपग्रह सोडून भारतही पाहणाऱ्यांच्या रांगेत बसला. संमतीची जी रेषा आंतरराष्ट्रीय पातळीवर आखता आली नाही, तिचा देशांतर्गत अवतार भारताच्या २००१ च्या धोरणात दिसतो : ५.८ मीटरपर्यंतची चित्रे सर्वांना खुली, त्याहून सूक्ष्म चित्रांना छाननी. २०११ मध्ये ही मर्यादा एक मीटरवर आणण्यात आली.